शेवटचा बदल

"या वेळी पत्रिकेत चूक होणं शक्यच नाही," असं रत्नदीप ताकसांडेने घरात जाहीर केलं, तेव्हा त्याची आई मीराबाई तांदूळ निवडत होती. तिने मान वर करून लेकाकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा खडे शोधायला लागली. त्या पाहण्याचा अर्थ रत्नदीपला तेव्हाच कळता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

रत्नदीप पुण्याच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनियर. नोकरी पुण्याची, खुर्ची मात्र नाचणगावच्या घरातली. हाताखाली अकरा जण. दर महिन्याला तो नव्या पोरापोरींना व्हर्जन कंट्रोल शिकवायचा आणि शिकवताना त्याचा आवाज थोडा घोगरा व्हायचा, इतका त्याचा त्यावर जीव. आपण लिहिलेल्या मजकुरात जो जो बदल होतो त्याची नोंद ठेवणारी ही व्यवस्था. त्या नोंदीला कमिट म्हणायचं. कोणी बदल केला, किती वाजता केला, का केला, सगळं तिथे कायमचं राहतं. बिघडलं, तर एक आज्ञा द्यायची की मागची अवस्था परत.

आता धाकटी बहीण मेघा हिचं लग्न ठरलं होतं, मुलगा हिंगणीचा होता, आणि रत्नदीपने लग्नपत्रिकेचा मजकूर या व्यवस्थेत घातला होता.

"म्हन्जे जुनं पुसत नाई?" मीराबाईने विचारलं.

"काहीच पुसत नाई, आई. कोनं बदललं, कवा बदललं, सारं राहते."

"मंग आपल्या घरासारखंच हाये," मीराबाई म्हणाली. "इथं बी कोनी काई पुसत नाई."

हा टोला कुठे बसायचा तिथे बसला. चार वर्षांपूर्वी याच घराच्या गृहप्रवेशाची पत्रिका निघाली होती. तिच्यात मोठेबाबांचं, म्हणजे रत्नदीपच्या वडिलांच्या मोठ्या भावाचं, बापूरावांचं नाव तानबामामाच्या खाली छापून आलं. बापूराव रेल्वेत मुकादम होते. डब्याला डबा कोणत्या क्रमाने लागतो याला ते फार मानणारे. ते गृहप्रवेशाला आले नाहीत. "प्रेसवाल्याची चूक झाली," असा निरोप रत्नदीपने धाडला, पण ते नंतरही आले नाहीत. वडील, चिंधूजी, जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. घरात मोठं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं आणि तेही चार वर्षं बोलेना.

मेघा मात्र गप्प बसणारी नव्हती. लग्न ठरताच ती एकटी स्कूटीवर पुलगावला बापूरावांच्या दारी गेली, दोन तास बसली आणि त्यांना राजी करून आली. बाबांच्या जागी स्टेजवर मोठेबाबाच उभे राहतील, आणि पत्रिकेत पहिलं नाव त्यांचं.

"दादा, आता ऐक," तिने घरी आल्याआल्या सांगितलं. "या वेळी मोठेबाबाच्या नावाले काई झालं नं, तं मी स्टेजवर चढत नाई. तूच बसजो हार घालून."

म्हणून हा सगळा बंदोबस्त होता. पुलगावच्या बंडूजींच्या प्रेसमध्ये, जिथे पत्रिका, फ्लेक्स आणि लॅमिनेशन अशी तिन्ही कामं व्हायची, रत्नदीपने त्यांच्या कम्प्युटरवर एक बटण करून दिलं. नाव ठेवलं 'नवीन आण'. ते दाबलं की पत्रिकेचा ताजा मजकूर आपोआप यायचा आणि नमुना छापला जायचा. कोणता नमुना सगळ्यात नवा हे कळावं म्हणून तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ यायची, 'शेवटचा बदल', आणि त्यापुढे रत्नदीपने कमिट करताना लिहिलेली टीप.

"या ओळीले हात लावाचा नाई, बंडूजी," त्याने बजावलं. "शेवटच्या छपाईच्या आंधी मीच काढीन."

"आपन कायले लावतो हात," बंडूजी म्हणाले. "अन भाऊ, उद्या कोनी म्हनलं का प्रेसवाल्यानं चुकवलं, तं?"

"याच्यात सारं दिसते. हे पाहा, इथं दाबलं का कोनं काय केलं ते नावासकट येते."

बंडूजींनी ते दोनदा दाबून पाहिलं आणि मनापासून समाधान पावले. ते एवढे समाधान का पावले, हाही प्रश्न रत्नदीपला तेव्हा पडला नाही.

दोन आठवड्यांत छत्तीस कमिटं झाली. 'तानबामामांचं नाव टाकलं.' 'तानबामामांचं नाव खाली घेतलं.' 'मामींनी विचारलं म्हणून एक ओळ वर घेतलं.' 'कार्यालयाचा नकाशा उलटा होता, सुलटा केला.' सगळं कसं शिस्तीत चाललं होतं. रत्नदीपने तर कंपनीतल्या पोरांना या पत्रिकेचं उदाहरण दोनदा दिलं.

मग तो मंगळवार उजाडला.

सकाळी साडेनऊला पुण्याची मीटिंग सुरू व्हायची होती. पाच मिनिटं आधी बापूरावांचा फोन आला.

"रत्नदीप, यजमानांच्या यादीत माह्या नावाखाली चिंधूचं नाव घेजो. गेला म्हून काय झालं, पोरीचा बाप तोच हाये."

"हो मोठेबाबा."

"अन मी अकरा वाजता जातो बंडूजीकडं, नमुना पाह्यले. पहिलं नाव माह्यं हाये म्हन्ते मेघा. पाहू तं द्या."

रत्नदीपला भरून आलं. मोठेबाबा स्वतःहून नमुना बघायला निघाले म्हणजे चार वर्षांचं गाडं एकदाचं रुळावर आलं. त्याने बाबांचं नाव टाकलं, कमिट केलं, तेवढ्यात मीटिंग सुरू झाली. मग लक्षात आलं की बाबांच्या नावाआधी 'कालकथित' राहिलं. बौद्ध घरांतल्या पत्रिकांमध्ये गेलेल्या माणसाच्या नावाआधी हा शब्द येतो. तो नसला की वाचणारा समजतो माणूस आहे.

आता इथे प्रोग्रामर लोकांची एक खोड सांगायला हवी. त्यांना एका वेळी एका ओळीवर लिहिणं कमीपणाचं वाटतं. कर्सर एकाच वेळी दोन, चार, दहा ओळींवर ठेवून लिहायची सोय असते, आणि रत्नदीपने दोन्ही भावांची नावं एका रेषेत यावीत म्हणून नुकताच तो दोन ओळींवर ठेवला होता. पहिली ओळ बापूरावांची, दुसरी चिंधूजींची. कर्सर तिथेच राहिला. शेजारच्या पडद्यावर साहेब बोलत होते. रत्नदीपने साहेबांकडे बघत मान डोलावली आणि बोटांनी 'कालकथित' लिहिलं. दोन्ही ओळींवर एकदम उमटलं.

टीप लिहिली, 'कालकथित राहिलं होतं, टाकलं.' कमिट. रवाना. नऊ वाजून बेचाळीस मिनिटं.

दहा वीसला बंडूजींचा फोन आला. मीटिंग चालूच होती. रत्नदीपने हळूच उचलला.

"रत्नदीपभाऊ," बंडूजींचा आवाज पार बसला होता. "कसं काय झालं हो एवढं अचानक?"

"काय झालं?"

"बापूरावजींचं. परवाच तं चहा पिऊन गेलते माह्याकडून."

तासाभरापूर्वी फोनवर बोललेला माणूस! नमुना बघायला येतो म्हणाला होता. सायकलवर निघाला असेल. रस्त्यात चक्कर आली असेल, नाहीतर एखादा ट्रक. रत्नदीपच्या डोळ्यांना धार लागली.

"मोठेबाबा गेले?" तो कसाबसा म्हणाला. "कवा गेले? कोठं?"

"ते मले काय मालूम, भाऊ? तुमीच तं लिहून धाडलं."

"मी?"

"आता नमुना छापला नं. पहिल्याच ओळीवर हाये, कालकथित बापूराव. खाली लिहेल बी हाये, कालकथित राह्यलं होतं, टाकलं. मी म्हनलं, पाहा, बिचाऱ्या पोराले दुःखात बी पत्रिकेची काळजी हाये."

रत्नदीपने पडद्याकडे पाहिलं. दोन ओळी, दोन शब्द. रडणं जागच्या जागी थांबलं आणि कानापासून मानेपर्यंत गरम व्हायला लागलं. त्यात आणखी एक गोष्ट दिसली. मीटिंगमधला त्याचा माइक चालू होता. पुण्यात बसलेल्या अकरा जणांनी हात जोडलेली चित्रं पाठवली होती, आणि साहेब हळव्या आवाजात म्हणत होते की रत्नदीप, तू आता कामाचा विचार करू नकोस, दोन दिवसांची रजा मी टाकतो.

"सर, ते तसं नाहीये," रत्नदीप म्हणाला.

"समजू शकतो," साहेब म्हणाले. "सुरुवातीला कोणालाच खरं वाटत नाही." आणि त्यांनी त्याला मीटिंगमधून बाहेर काढलं.

अकराला चाळीस मिनिटं होती. इथे रत्नदीपने काय करायला हवं होतं हे तोच दर महिन्याला शिकवायचा. एकदा दुसऱ्याच्या हाती गेलेली नोंद मागून जाऊन पुसायची नाही. उघडपणे नवी नोंद करायची की ती मागची चूक होती, मी ती मागे घेतो आहे. त्याला रिव्हर्ट म्हणतात. त्यात चूकही दिसते आणि सुधारणाही. "लपवण्यासारखं काही नसतं रे," असं तो पोरांना हसत सांगायचा.

पण पोरांना सांगताना मोठेबाबा मध्ये नव्हते. रिव्हर्ट केलं असतं, तर तळाच्या ओळीत छापून आलं असतं की बापूरावांना कालकथित लिहिलं होतं, ते मागे घेतलं. आणि बापूराव पत्रिका वाचायला घेतली की प्रेसचा फोन नंबर येईपर्यंत खाली ठेवत नाहीत. रत्नदीपला लाज वाटली, आणि लाज वाटली की माणूस जे करतो तेच त्याने केलं. नऊ बेचाळीसची नोंद त्याने मुळासकट उपटून टाकली. तिच्या जागी नवी, शहाणी नोंद बसवली, ज्यात फक्त बाबांच्या नावाआधी कालकथित होतं. जणू काही झालंच नाही. मग बंडूजींना फोन केला.

"बंडूजी, मोठेबाबा ठणठणीत हायेत. टायपिंगमधी गडबड झाली. पयला नमुना फाडून टाका अन 'नवीन आण' दाबा. अन कोनाले सांगू नका."

"हायेत?" बंडूजी म्हणाले. "चांगलं झालं, बाप्पा. पन भाऊ, मी फ्लेक्स काहाडला."

"कायचा फ्लेक्स?"

"भावपूर्ण श्रद्धांजलीचा. पाच बाय तीन. आपल्याकडून. फोटो होता नं माह्यापाशी, तुमच्या गृहप्रवेशाच्या वेळचा, जो छापलाच नाई. शाई वाळाले ठेवला हाये भाईर."

"तो आत घ्या आंधी," रत्नदीप ओरडला. "अन नमुना काढा."

बंडूजींनी आधी बटण दाबलं. त्यांच्या कम्प्युटरवर नऊ बेचाळीसची नोंद बसलेली होतीच. रत्नदीपने ती आपल्याकडून उपटली, पण त्यांच्याकडून ती कशी जाणार? वरून नवी नोंद आली. त्याच ओळींबद्दल दोन नोंदी दोन गोष्टी सांगायला लागल्या की व्हर्जन कंट्रोल कोणाचीच बाजू घेत नाही. दोन्ही मजकूर तसेच ठेवते, वर खाली बाणांच्या रांगा आणि मध्ये बरोबरच्या चिन्हांची भिंत. छपाईच्या बटणाला हे काही कळत नव्हतं. त्याने सगळं छापलं.

"भाऊ," बंडूजींचा पुन्हा फोन, "आता दोन बापूराव आले. वरते गेलेले, खालते असलेले. मधात भिंत हाये. यातले कोनते ठेवू?"

"काईच ठेवू नका. मी येऊन राह्यलो."

"या. पन तेच आले पाहा," बंडूजी आवाज खाली घेत म्हणाले. "सायकल लावून राह्यले. फ्लेक्सपाशीच."

नाचणगावाहून पुलगाव ते काय, पण त्या दिवशी रत्नदीपला ते अंतर लांबच लांब वाटलं. पोहोचला तेव्हा बापूराव प्रेससमोर स्टुलावर बसले होते आणि समोर टेकवलेल्या फ्लेक्सकडे पाहत होते. फ्लेक्सवरचे बापूरावही त्यांच्याकडे पाहत होते. मांडीवर दोन नमुने होते, एक नुसता आणि एक भिंतीचा. शेजारी चहाचा कप होता. येणारेजाणारे दोघे तिघे थांबले होते. फ्लेक्सकडे एकदा, माणसाकडे एकदा बघत होते.

"ये," बापूराव म्हणाले. "फोटो चांगला आला नं?"

रत्नदीपने पायांना हात लावला. बापूरावांनी पाय आखडले नाहीत, पण पाठीवर हातही ठेवला नाही.

"हे कोनं केलं?"

आता खरं सांगून टाकावं, असं रत्नदीपच्या मनात आलं होतं. शप्पथ आलं होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"मोठेबाबा, सिस्टीमची गडबड झाली."

"सिस्टीम कोन?"

बंडूजी दारात उभे होते. चार वर्षांपूर्वी रत्नदीपच्या घरच्या पत्रिकेपायी ज्यांनी बोलणी खाल्ली होती तेच हे बंडूजी. ते सरळ मनाने आत गेले आणि रत्नदीपने शिकवलेलं बटण त्यांनी दाबलं.

"यात सारं दिसते म्हनलं होतं नं तुमी," ते म्हणाले. "हे पाहा बापूरावजी. रत्नदीप ताकसांडे. नऊ बेचाळीस. कालकथित राहिलं होतं, टाकलं."

बापूरावांनी चष्मा सारखा केला, पडद्याजवळ जाऊन ती ओळ वाचली. मग त्यांनी रत्नदीपला सोबत आणलेला लॅपटॉप उघडायला सांगितला. त्याच्याकडे ती ओळ नव्हती.

"इथं हाये, तुह्यापाशी नाई," बापूराव म्हणाले. "म्हन्जे तू पुसली."

"हो."

"मले मारलं त्याचं काई नाई, बाबू. माह्यं वय झालंच हाये, कोनी दोन दिवस आंधी लिहिते. पन पुसून राह्यला होता, हे बरं नाई केलं."

रत्नदीपला वाटलं, पुलगावच्या रस्त्याने आत्ता आपल्याला पोटात घ्यावं. हाताखालचे अकरा जण, दर महिन्याचा तो घोगरा आवाज, सगळं आठवलं. आयुष्यात इतकी लाज त्याला वाटली नव्हती. नाही, एकदा वाटली होती, आणि तेव्हाही त्याने हेच केलं होतं.

तो बंडूजींच्या कम्प्युटरसमोर बसला. भिंत पाडली. आपली ती गुपचूप घुसवलेली नोंद टाकून दिली आणि नऊ बेचाळीसची चुकीची नोंद होती तशी जागेवर ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी. मग तिच्यावर उघडपणे रिव्हर्ट केलं. टीप लिहिली. 'बापूराव मोठेबाबांना कालकथित लिहिलं होतं, ते मागे घेतलं. चूक माझी. मागच्या वेळचीही माझीच. रत्नदीप.' बटण दाबलं. कुरकुर करत नमुना बाहेर आला.

बापूराव स्टुलावर बसून वाचायला लागले. बुद्धवंदनेची वेळ वाचली, कार्यालयाचा पत्ता वाचला, प्रेसचा फोन नंबर वाचला. मग मुंगीएवढी ओळ वाचायला कागद डोळ्यांजवळ नेला.

"मागच्या वेळची बी?"

"हो मोठेबाबा. मामा बाजूले बसले होते, पयले त्याइचंच नाव टाइप झालं. तसीच यादी मोबाइलवरून धाडली. मंग प्रेसवर ढकललं." तो बंडूजींकडे वळला. "बंडूजी, तुमचं नाव उगीच खराब केलं मी."

बंडूजी घाईघाईने फ्लेक्सची घडी करायला लागले.

"मले मालूम होतं," बापूराव म्हणाले. "बंडूजीनं तवाच दाखवलती, तुह्यावाली यादी. मले काय नाव खाली आल्याचा राग होता? होता, एक महिना. मंग पाह्यत होतो, कोनी येऊन सांगते का. चार वरसं लागले बाबू तुले, तीन किलोमीटर याले."

रत्नदीपने मान वर केली नाही. खांद्यावर हात पडला, तो जड होता आणि बराच वेळ तिथेच राहिला.

"अन आता हे पाह्य," बापूराव नमुन्यावर बोट ठेवून म्हणाले. "माह्यं काहाडता काहाडता चिंधूचं बी काहाडलं तू."

खरंच होतं. दोन्ही शब्द एकाच नोंदीत आले होते, म्हणून दोन्ही एकदम मागे गेले. यजमानांच्या यादीत पहिलं नाव बापूराव ताकसांडे, दुसरं चिंधूजी ताकसांडे. मागे पुढे काही नाही. दोघे भाऊ शेजारी शेजारी, लग्नाला या म्हणत होते.

रत्नदीपने कीबोर्डकडे हात नेला. बापूरावांनी तो धरला.

"थांब जरा," ते म्हणाले. कागद त्यांनी लांब धरला, जवळ धरला. नाक ओढलं. "हा एक नमुना मीरेले नेऊन देजो. मंग टाक कालकथित. अन खालती काय लिहाचं ते मी सांगतो. तुह्यावर भरवसा नाई."

त्यांनी सांगितलं, रत्नदीपने लिहिलं. 'चिंधूजी गेले, बापूराव आहेत. चूक रत्नदीपची.' छत्तीस अधिक काहीतरी कमिटांमधली ही सगळ्यात स्वच्छ टीप होती, हे त्याला त्या परिस्थितीतही मान्य करावं लागलं.

दुपारी मीराबाईने तो नमुना हातात घेतला. तिला वाचायला वेळ लागायचा. यादीपाशी येऊन ती थांबली, दुसऱ्या नावावरून तिने बोट फिरवलं, आणि पदराने डोळे पुसले.

"याच्यात तं हे हायेतच," ती म्हणाली.

"चूक हाये ते आई. दे, फाडतो. बरोबर छापून येते चार दिवसांत."

"फाडत नाई मी. काहीच पुसत नाई, तूच सांगत होता नं?" तिने तो कागद लुगड्यांच्या घडीखाली सरकवला आणि कपाटाला कुलूप घातलं. रत्नदीपपाशी यावर कोणतीही आज्ञा नव्हती.

चार दिवसांनी सहाशे पत्रिका आल्या. पहिलं नाव बापूराव. दुसरं कालकथित चिंधूजी. तानबामामा आपल्या जागी. मेघाने एक उघडून शेवटपर्यंत वाचली आणि हसत हसत पलंगावर आडवी झाली. रत्नदीपने पत्रिका हिसकावली. तळाशी, प्रेसच्या फोन नंबरच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं होतं: शेवटचा बदल: चिंधूजी गेले, बापूराव आहेत. चूक रत्नदीपची.

ती ओळ छपाईआधी काढायचं रत्नदीप विसरला होता. सहाशेच्या सहाशे. त्याने बंडूजींना फोन लावला.

"तुमीच म्हनलं होतं, हात लावाचा नाई," बंडूजी म्हणाले. "मी बापूरावजीले विचारलं बी. ते म्हनले, राहू दे, बरोबर हाये."

लग्न झकास झालं. मेघा स्टेजवर चढली आणि शेजारी नव्या कोटात बापूराव उभे राहिले, ताठ, एखादी गाडी वेळेवर सोडायची असावी तसे. कार्यालयात पाऊल ठेवणारा प्रत्येक जण आधी त्यांना डोळे भरून बघून घ्यायचा आणि मग रत्नदीपला शोधायचा. पुण्याहून साहेब आले होते. स्टेजवर उभे आहेत तेच मोठेबाबा, हे कळल्यावर दोन दिवसांची रजा वहीतून कशी काढायची, एवढंच त्यांनी विचारलं.

जेवणं सुरू झाली तेव्हा हिंगणीकडचे एक पांढऱ्या टोपीचे आजोबा पत्रिका हातात घेऊन, प्रत्येक चेहरा तपासत, स्टेजच्या पायऱ्यांपाशी आले. रत्नदीप तिथेच पाण्याचे ग्लास घेऊन उभा होता.

"तुमीच का ते चूकवाले?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

रत्नदीपने मान खाली घातली. नाही म्हणायची आता सोय नव्हती. सहाशे घरांत नोंद गेली होती.

वरून बापूरावांनी ऐकलं. सूचना सांगायला घेतलेला माइक त्यांच्या हातातच होता, आणि तो चालू होता.

"हो, तोच तो," त्यांचा आवाज सगळ्या मांडवभर गेला. "आमचाच हाये."